शीत आणि तूस

बाईमाणसाला विचारू नये तो प्रश्न भर बाजारात, खणखणीत आवाजात विचारण्याच्या कामी आमच्या सौंदडच्या नर्सबाईची बरोबरी करणारं माणूस अख्ख्या झाडीपट्टीत जन्मलं नसेल. भाजीवाली वांगी तोलत असायची आणि ही विचारायची, "काऊन वं, तुह्या घरी पांढऱ्या केसांची कोणी बाहेर बसून राहिली काय?" भाजीवाली तराजू टाकून तोंडाला पदर लावायची. पुरुष तर ही दिसली की रस्ताच बदलायचे.

विटाळात बाया घरामागच्या सपरीत, एका ठेंगण्या छपराखाली, बसत. तिथं चिटपाखरू फिरकत नसे. नर्सबाई मात्र गावभरच्या सपऱ्या रोज पालथ्या घालायची. काळं डोकं दिसलं की पुढे. पांढरं दिसलं की तिथंच फतकल. पाळी जाऊन वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ती कर्करोगाची चाहूल असू शकते, हे तिनं नागपूरला नर्सिंग शिकताना एका डॉक्टरीणबाईंकडून ऐकलं होतं. गावाचं निदान निराळं. म्हातारीला जवानी फुटली म्हणून गाव हसायचं.

विटाळशींना शिवते म्हणून तिला कोणी घरात घेत नसे. पाणी द्यायचं ते ओंजळीत वरून. खोलीत ती एकटीच. बोलायला एक टॉर्च. सेल उतरले की त्यालाच म्हणायची, "थकला काय रे? झोप आता." रोज संध्याकाळी गोंदियाची गाडी यायच्या वेळी ती स्टेशनच्या बाकावर जाऊन बसे. कुठं चालल्या विचारलं तर म्हणे, "कुठं नाही. गाडी पाहून राहिली." आम्ही पोरी तिला वेडी म्हणायचो. मीही म्हणायचे, लपवत नाही.

बाबा गेल्यावर आई दुसऱ्यांच्या बांधीत भाताची रोवणी करून मला शिकवत होती. दोन वेळची पेज, एक लुगडं अंगावर आणि एक वळणीवर. आमच्या घरात सही करणारी मी पहिली. मी मॅट्रिकला असताना, डोकं पुरतं पांढरं झालेली माझी आई एके दिवशी सपरीत जाऊन बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "माय, घरात ये. पोरी हसून राहिल्या."

"हसू दे. देवाले खोटं कसं बोलू?"

दुसऱ्या दिवशी नर्सबाई हजर. आई तपासू देईना. "या वयात मले कायले उघडं पाडता जी?" नर्सबाईनं वाद घातला नाही. आईच्या ताटलीतलं भाताचं एक शीत उचललं, कोपऱ्यातल्या कोंड्यातलं एक तूस उचललं, दोन्हींवर आयोडीनचा एकेक थेंब सोडला. शीत काळंनिळं झालं. तुसावर तो रंग आला नाही.

"आतली निरोगी कातडीही अशीच रंग धरते. तुह्या शितासारखी काळी नाही, तपकिरी होते. जी जागा रंग धरत नाही, तिची मले शंका."

आईनं ते शीत उचलून उजेडात धरलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही मले पाखडाले आल्या म्हणा की!"

"हो, पाखडाले आली. चाल, पाय मोकळे कर."

तिनं सपरीसमोर तीन दगड मांडून तपासायचं अवजार उकळलं, टॉर्च गाल आणि खांदा यांच्यामध्ये दाबला आणि मान वाकडी करून आत आयोडीन लावू लागली. त्या अवतारात ती आईला सारखी काहीतरी सांगत होती, एक शब्द कळत नव्हता. मग तिनं टॉर्च हातात घेतला आणि पुन्हा वाकून पाहिलं.

"बोटाच्या पेराएवढी जागा पांढरी राहिली," ती म्हणाली. "तेवढ्यावरून मी काही ठरवत नाही. नागपूरले तुकडा काढून पाहतील. उद्याच जा. लहान आहे तवाच जा."

नागपूरला तिची शंका खरी निघाली. ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी आम्ही गोंदियाच्या गाडीनं सौंदडला उतरलो, तर बाकावर नर्सबाई. अजून चांगला उजेड होता तरी तिनं आईच्या तोंडावर टॉर्च मारला. "ओठाले रंग चढला," म्हणाली. मग आम्हाला सोडून रिकाम्या होत चाललेल्या डब्यांकडे बघत राहिली. आमच्या आधी तिनं आणखी दोघींना पाठवलं होतं.

मी विचारलं, "त्या येणार आहेत?"

"गाडी तर रोज येते, पोरी."

आईनं तिचा हात धरला तो थेट चुलीपाशी नेऊन सोडला. तिथं बसवून भात वाढला. नर्सबाई खाली मान घालून जेवली.

पुढे तिची बदली सालेकशाकडे झाली. गावच्या बायांना ज्या स्टेशनावरून तिनं नागपूरला पाठवलं, तिथं तिला पोचवायला आम्ही दोघीच होतो. तिच्या जागी कोणी आलं नाही. आता रोवणीच्या रांगेत वाकल्या वाकल्या आईच विचारते, "काऊन वं, पांढऱ्या केसांची कोणी बाहेर बसून राहिली काय?" बाया हसतात. आई थांबत नाही.

चार-पाच वर्षांनी माझा कॉलेजचा निकाल लागला त्या संध्याकाळी आई स्टेशनवर गेली आणि त्या बाकावर बसली. गाडी आली, गेली. नर्सबाई उतरली नाही. मी बी.ए. झाले होते आणि ते पाहायला माझी आई होती.