घड्याळजीची बायको परत येते ती प्रत

वेतवाले काका वाचनालयात आले ते भांडायलाच. काठी टेकत दोन रस्ते ओलांडायचे, वीस पायऱ्या चढायच्या आणि वर पोचल्यावर धापा टाकत भांडायचं, म्हणजे कारणही तसंच दणदणीत लागतं. ते होतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या बाईंनी त्यांच्या लाडक्या कादंबरीची पानंच्या पानं गाळली होती, असं त्यांचं म्हणणं होतं.

"बाई, तुम्ही कामचुकारपणा करता," काका दारातूनच म्हणाले.

वाचनबाईंचा चेहरा कसा झाला असेल ते सोडा. वीस वर्षं त्या लहानशा खोलीत बसून त्यांनी वाचलं होतं, आणि छापलंय तेच वाचायचं हा त्यांचा बाणा. एखादं वाक्य कितीही भिकार असलं तरी त्या ते सरळ आवाजात वाचत. अशा बाईला कामचुकार म्हणायचं? पण समोरच्या माणसाचं वय बघून त्यांनी राग गिळला आणि खुर्ची पुढे केली.

काका बसण्याआधी खुर्चीवरून हात फिरवत म्हणाले, "ही मीच विणलीय. नवव्या प्रकरणात घड्याळजीची बायको घर सोडून जाते, बरोबर?"

"बरोबर."

"दहाव्यात परत येते. तुमच्या दहाव्यात तो घड्याळजी आपला एकटाच रडत बसलाय. मी मशीन बंद केलं. आणि प्रेशर कुकर कुठाय?"

"कसला प्रेशर कुकर?"

"अहो, ती परत आल्यावर घेते तो! पहिल्याच दिवशी शिट्टी उडून माळ्यावर जाते आणि घड्याळजी ती शोधायला शिडीवर चढतो. काय प्रकरण आहे ते! हसून हसून पुरेवाट होते."

"काका, ही कादंबरी शंभर वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा कुठला आलाय प्रेशर कुकर?"

तुम्ही म्हणाल, साठी उलटलेल्या माणसाला एवढंही कळू नये? पण जे पुस्तक तुम्ही एकतीस वेळा ऐकलंय त्यात काय असावं, काय नसावं, याची चौकशी कोण करतो? काकांनी खुर्चीच्या वेतावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "आमच्या हिनं वाचून दाखवलंय. ती काय खोटं वाचेल?"

ही म्हणजे काकांची बायको. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

काका मुळात वेतवाले नव्हते. एका कचेरीत नकाशे काढायचे. रस्ते, नाले, जमिनीच्या हद्दी, सगळं बारीक शाईच्या रेघांनी. बत्तिसाव्या वर्षी डोळ्यांचा आजार झाला आणि सहा महिन्यांत रेघा गेल्या, मग कागद गेला, मग खिडकीतला उजेडही गेला. पुढं एका संस्थेत जाऊन ते वेताच्या खुर्च्या विणायला शिकले. हात मुळातच नेमका. गावातल्या निम्म्या खुर्च्यांची बैठक त्यांच्या हातची.

रोज जेवणं आटोपली की दोन ते चार ते विणत आणि ही समोर बसून वाची. वर्तमानपत्र, मासिकं, हाताला लागेल ते. पण वर्षातून एकदा ही कादंबरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यातला घड्याळजी मोठा हट्टी, तापट बाबा. बायको परत आल्यावर मात्र तो हळूहळू माणसात येतो. एका वर्षी तो स्वतःचं अंथरूण स्वतः उचलायला शिकला, आणि दुसऱ्या दिवशी काकांनी आपलं अंथरूण उचललं. पुढच्या खेपेला तो भाजी निवडायला बसला. "हे मागच्या वर्षी नव्हतं गं," काका म्हणाले. "होतं, तुमचं लक्ष नव्हतं," असं उत्तर आलं. कादंबरी मध्येच म्हणायची, 'वाचकहो, जरा पाय वर घ्या, केर काढायचाय.' काका पाय वर घ्यायचे. जुने लेखक वाचकाशी किती घरोब्यानं बोलत, याचं त्यांना फार कौतुक वाटे.

हे सगळं ऐकून वाचनबाईंना एक शंका आली. हल्ली नव्या लेखकांमध्ये एक लाट आलीय. गाजलेली जुनी कादंबरी घ्यायची आणि ती नव्यानं लिहायची. जिला जुन्या लेखकानं दोन ओळी दिल्या त्या मोलकरणीच्या तोंडून सांगायची, नाहीतर शेवट फिरवायचा, नाहीतर लेखकानं स्वतःच आत शिरून बसायचं. या घड्याळजीच्या कथेवर अशी तीन नवी पुस्तकं वाचनालयात होती. काकूंनी त्यातलंच एखादं वाचलं असेल. एकतीस वर्षांपूर्वी यातलं एकही छापलेलं नव्हतं हे त्यांच्या ध्यानात आलंच नाही. किंवा आलं असेल, पण म्हाताऱ्याला तिथल्या तिथं तोडून टाकायला त्यांची जीभ धजावली नसेल.

मग दर मंगळवारी काका ती पुस्तकं ऐकायला येऊ लागले. पहिल्या पुस्तकात बायको घर सोडून जाते आणि कारखाना काढते. "छान," काका म्हणाले, "पण कुकर नाही." दुसरं सगळं घड्याळाच्या तोंडून होतं. ते ऐकताना काकांचा दोनदा डोळा लागला. तिसऱ्यात लेखक स्वतः स्टेशनवर घड्याळजीच्या बायकोशेजारी बाकावर येऊन बसतो आणि म्हणतो, बाई, तुम्हाला मी रचलंय, आता मला माफ करा.

"हे काय? लेखकाला घरी कामं नाहीत का?" काका वैतागले.

बाईंना हसू आवरेना. त्यांनी सोपं करून सांगितलं. या नव्या लोकांचं म्हणणं असं, की गोष्ट कुणीतरी रचलेली असते हे लपवू कशाला? आणि एकदा एकानं रचली, तर दुसऱ्यानं ती उसवून परत का शिवू नये? आणि त्यात खरं, रोजचं जगणं का घालू नये?

"म्हणजे मध्येच पाय वर घ्या म्हणायचं," काका सावकाश म्हणाले.

"काका, मला वाटतं, दहाव्या प्रकरणापासूनचं सगळं काकूंनीच रचलेलं होतं."

आधी काका खो खो हसले. "सातवी पास बाई! अरे वा गं माझे राणी! या लेखकांना बक्षिसं मिळतात आणि हिनं आमच्या पडवीत बसून केर काढता काढता कादंबरी फिरवली!" हसतच ते उठले. "बरं, छापलेल्यात शेवट काय आहे तेवढं सांगा."

"छापलेल्यात ती परत येत नाही. लांबच्या शहरात शिवणकाम करते, स्वतःची खोली घेते. शेवटच्या पानावर ती खिडकीत उभी राहून गाणं म्हणतेय."

"सुखी असते?"

छापलंय तेच सांगायची सवय. बाई म्हणाल्या, "हो. फार सुखी असते."

काकांचं हसू तिथंच विरलं. काठी चाचपत ते पायऱ्या उतरले.

कारण त्यांची बायकोही एकदा घर सोडून गेली होती. डोळे गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. तेव्हाचे काका म्हणजे काय विचारता! ताट भिंतीवर फेकायचे. चहा गार म्हणून शिव्या, गरम म्हणून शिव्या. एके सकाळी तिनं चार वर्षांच्या लेकीला कडेवर घेतलं आणि भावाकडे गेली. अकरा दिवस शेजारीण दाराशी डबा ठेवून जायची. बाराव्या दिवशी बायको परत आली ती हीच कादंबरी पिशवीत घेऊन. भावाला कुठं तरी बक्षीस मिळालेली. संध्याकाळी म्हणाली, बसा, वाचून दाखवते. त्या अकरा दिवसांबद्दल घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही.

आता काकांच्या डोक्यात एकच भुंगा. दरवर्षी ती ते शेवटचं पान बघत असणार. गेलेली बाई खिडकीत उभी राहून गातेय, सुखी आहे, हे डोळ्यांनी वाचायचं आणि तोंडानं मला सांगायचं की ती परत आली. एकतीस वर्षं! तिला काय वाटत असेल? म्हणजे ती मनानं आलीच नव्हती. आंधळ्याची कीव आली म्हणून आली आणि आयुष्यभर त्या खिडकीकडे बघत बसली. काकांनी विणायला घेतलेली खुर्ची तशीच पडली. जेवण घशाखाली उतरेना. तिची आठवण वर्षभर येतच होती, पण आतापर्यंत त्या आठवणीत निदान ती त्यांची होती. आता तेवढाही आधार उरला नाही.

शेजाऱ्यांनी कळवलं तशी लेक धावत आली. "बाबा, काय हे? नुसता हाडांचा सापळा झालाय!"

"आईचं ते पुस्तक काढ."

लेकीनं कपाट उपसलं. जादा चादरींच्या खाली होतं. काकांनी ते कधी हातातही घेतलं नव्हतं. आंधळ्याला पुस्तक काय करायचंय?

मंगळवारी त्यांनी ते वाचनबाईंच्या टेबलावर ठेवलं. "शेवटचं पान बघा. जे पान माणूस पुन्हा पुन्हा वाचतो ते कळकट होतं, कोपरे मऊ पडतात. ते किती मळलंय तेवढं मला सांगा. खरं सांगा. माझ्यासाठी गोड करू नका."

बाईंनी पुस्तक मागच्या बाजूनं उघडायला घेतलं. थोडा वेळ नुसती कागदाची कुरकुर ऐकू आली.

"काका, हे पान उघडतच नाही."

"चिकटलंय?"

"नाही. जुन्या पुस्तकांचं असं असायचं. मोठा कागद घडी घालून शिवायचे आणि कडा कापायच्या राहायच्या. वाचणाऱ्यानं सुरीनं एकेक घडी कापत पुढे जायचं. ही घडी कापलेलीच नाही." त्यांनी पुस्तक काकांच्या हातात दिलं. "तुम्हीच बघा."

वेताची बारीकशी चीरही चुकवायची नाहीत अशी ती बोटं. सुरुवातीच्या पानांच्या कडा वापरलेल्या कापडासारख्या मऊ होत्या, थोड्या फाटक्या. मग एका जागी बोट थांबलं. तिथून पुढं कडा बंद. गुळगुळीत घड्या, एकावर एक, शेवटपर्यंत.

"हे कितवं प्रकरण?"

"नववं संपतंय. ती दार ओढून घेते आणि रस्त्याला लागते, तिथं."

"पण पान उलटल्याचा आवाज यायचा हो!"

"आधीची, कापलेलीच पानं उलटत असतील काकू."

"घडी वाकवून आत डोकावता येतं?"

"येतं. पण मग कागदाला वळ पडतो. इथं एकही वळ नाही. कालच आणल्यासारखी कोरी आहेत पानं."

काकांनी पुस्तक मांडीवर घेतलं. बंद कडेवरून अंगठा फिरवला. "म्हणजे त्या अकरा दिवसांत तिनं इथपर्यंत वाचलं, आणि पुस्तक मिटून घरी आली. पुढं काय होतं ते तिनं बघितलंच नाही. कधीच नाही."

"नाही बघितलं."

"मी काय काय विचार केले हो तिच्याबद्दल. एवढ्या दिवसांत."

बाईंच्या खणात कागद कापायची सुरी होती. "कापू का?" त्यांनी विचारलं. काकांनी पुस्तकावर तळहात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. मग बाईंनी, ज्यांनी वीस वर्षांत वाचताना छापील अक्षराबाहेर एक शब्द उच्चारला नव्हता, यंत्र सुरू केलं आणि माइक काकांपुढे सरकवला. "मग दहावं प्रकरण तुम्ही सांगा. काकूंचं. नाहीतर ते कुणापाशीच राहणार नाही."

काका सावरून बसले. घसा खाकरला. "प्रकरण दहावं. बाराव्या दिवशी दुपारी घड्याळजीच्या दाराशी चपला वाजल्या. त्यानं त्या ओळखल्या. हातातलं घड्याळ खाली ठेवलं, चाचपडत दाराशी गेला आणि म्हणाला..."

ते थांबले. बाईंना वाटलं, विसरले.

"बाई, ती खरंच आली ना, तेव्हा मी जागचा हललोसुद्धा नाही. चपला ओळखल्या होत्या. म्हणालो, दूध नासलंय. एवढंच. आणि मग ती दरवर्षी मला हे वाचून दाखवायची, घड्याळजी उठतो, दाराशी जातो आणि ते वाक्य म्हणतो. दरवर्षी इथं ती जरा थांबायची. मी म्हणायचो, पुढं वाच गं, कुकर येऊ दे."

"काय म्हणतो घड्याळजी?"

काका पुढे वाकले. दोन्ही हात पुस्तकावर तसेच होते.

"आलीस? फार वाट बघितली गं तुझी."

यंत्र चालू होतं. पुढं कुकर होता, शिट्टी होती, शिडी होती. पण काकांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि मग पुन्हा, आणि बाईंनी त्यांना थांबवलं नाही.