फणसाचा खटला

ही वही कोणी उघडलीच तर शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्या. अक्षरही वाईट आहे. चौथीनंतर माझ्या हातातली पेन्सिल गेली आणि विळी आली. तर, मी एकदा भर पडवीत गुन्हा कबूल केला. त्याचा आरोप माझ्यावर कोणी ठेवलाच नव्हता!

आमच्या शेजारी भाऊ वकील राहतात. पस्तीस वर्षे कोर्टात काळा कोट घालून झाल्यावर आता ते वकिलीच्या कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या मुलांना तयार करतात. निबंध तपासतात, मुलाखतीची तालीम घेतात. त्यांच्या पडवीत आंबे पसरले होते (माणसांना जागा नाही, आंब्यांना आहे!), म्हणून शिकवणी आमच्या पडवीत आली. माझी लेक सायली त्यांच्याकडेच शिकत होती. तिने निबंधात लिहिले होते, 'मला लहानपणापासून अन्यायाची चीड आहे.' भाऊंनी चष्मा कपाळावर ढकलला.

"गो, ही चीड चाळीस पोरांनी लिवलेली आसा. तुझा काय ता सांग!"

सासूबाईंना मुळात हे मान्यच नव्हते. "शहाण्यान कोर्टाची पायरी चढू नये म्हणतत. आणि आमचा चेडू थंयच ऱ्हवाक चलला!" (चेडू म्हणजे आमची सायली!) आता कॉलेजची फी त्यांच्याच काजूंवर निघायची होती. त्यांनी 'नाय' म्हटले की सायलीची वकिली संपली.

त्यात माझा जीव थाऱ्यावर नव्हता. प्रवेशपरीक्षेच्या फॉर्मासाठी मी सासूबाईंच्या तांदळाच्या डब्यातून तेराशे पन्नास रुपये न विचारता काढले होते. (विचारायचे धाडस असते, तर ती मी नसते!) दोन महिने मी धड बसले नव्हते. सासूबाई डब्याकडे वळल्या की मी आधी धावायची. तांदूळ मी काढायची, मीच निवडायची, मीच धुवायची. 'सून सुधारली' असे त्या वाडीभर सांगत होत्या!

मुलाखतीला तीन दिवस उरले आणि बाकीची दोन मुले आलीच नाहीत. तालमीला आरोपी मिळेना.

"वैनी, तुम्ही बसा," भाऊ म्हणाले. "आरोप असो की, तुम्ही माझ्या झाडाचे फणस चोरलात. सायलीन उलटतपासणी घेवची. तुम्ही फकस्त 'नाय' म्हणा."

"माका नाय जमूचा," मी जमिनीला सांगितले. (मी नेहमी जमिनीशीच बोलते.)

"जमतला! शपथेक कायतरी हाडा बघू."

मी भारी मदतीची! देवघरात धावले आणि हाताला लागला तो नारळ आणला. त्यावर तळवा टेकवला तेव्हा समजले, हा ग्रामदेवाच्या गाऱ्हाण्यासाठी सासूबाईंनी बाजूला ठेवलेला नारळ! त्याच्यावर हात ठेवून खोटे बोलायचे? आमच्या गावात दारुडासुद्धा बोलणार नाही.

सायली ताठ उभी राहिली. "आपलं नाव?"

"आपलं? गो, तुका म्हायत नाय?"

"न्यायालयाला सांगा!"

मी सांगितले.

"आपण चोरी केलीत?"

'नाय' ओठावर आले. नारळाची शेंडी तळव्याला टोचली.

"होय."

सायली गडबडली. भाऊंचे डोळे मात्र चमकले. त्यांनीच शिकवले होते, उत्तर आले की गप्प राहायचे, समोरचा घाबरून आपणच पुढचे बोलतो. तर सायली गप्प. भाऊ गप्प. अंगणातली कोंबडीसुद्धा गप्प! माझ्याकडे तिघे बघताहेत आणि कोणी बोलत नाही, हे मला कसे सोसणार?

"तेराशे पन्नास!" मी ओरडले.

"फणस?" भाऊ खुर्चीतून उठले.

"रुपये! डब्यातले! सासूचे! फॉर्माक घेतलंय!" आणि मग तोंड थांबेना. "त्या दिसाची बांगड्याची तुकडी मांजरान नाय, मिया खाल्लंय! बरणी वाऱ्यान नाय पडली, माझो कोपर लागलो!"

आत सुपारी कातरत बसलेल्या सासूबाईंचा अडकित्ता थांबला.

नेमके तेव्हाच हे रिक्षा लावून पडवीत आले. "काय चलला?"

भाऊ रंगात आले होते. "दुसरे साक्षीदार हजर! ठेवा हात नारळावर!"

यांनी नारळाकडे पाहिले, मग दारात आलेल्या आईकडे. "माका नारळ नको, माका चाय होयी!" म्हणाले आणि परत रिक्षात जाऊन बसले!

मी उठले, बसले, पुन्हा उठले. आता गेली सायलीची वकिली, माझ्या तोंडामुळे गेली! सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ह्या सुनेक बोलती करूक माका एकवीस वर्सां जमला नाय. ह्या पोरीन पाच मिनटात केल्यान! धाडा तिका वकिलीक!"

मला रडू फुटले.

"रडतंस कित्याक? तेराशे पन्नास माझे माका परत होये. पुरे!"

भाऊंनी सायलीचा जुना निबंध फाडला. "आता ह्याच लिही!"

तिने लिहिले. मुलाखतीतही हेच विचारले म्हणे, आणि साहेब लोक पोट धरून हसले. सायली आता पुण्याला वकिली शिकते. मी मात्र दोन हंगाम आमसुले विकून पन्नास-पन्नास फेडत राहिले. परवा शेवटची नोट सासूबाईंच्या हातावर ठेवली. पुरे तेराशे पन्नास! अख्ख्या वाडीत एवढी प्रामाणिक चोर दुसरी सापडायची नाही.