भोरच्या तंबूतले वन्समोअर

एखाद्याचं गाणं आवडलं की माणसानं घरी गप बसून ऐकावं, त्याच्या समोर जाऊन बसू नये, असं माझं मत आहे. लोक हसतात. हसेनात का. मी पाहिलं ते त्यांनी पाहिलेलं नाही, आणि जे माझ्याबरोबर तिथं बसले होते त्यांना डोळे असून ते दिसलं नाही.

मी तेव्हा पंचविशीचा असेन. आमचं गाव भाटघरच्या धरणाच्या काठाला. खालची चांगली भाताची खाचरं पाण्याखाली गेलेली आणि आम्ही वरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरई करून दिवस काढायचो. शेतीचं काम नसलं की मी भाड्यानं बैलगाडी हाकायचो. पुण्याची सर्व्हिस मोटार कापूरहोळच्या फाट्यावर थांबायची आणि तिथून भोरला जाणारं सामान आम्ही गाडीवाले न्यायचो. फाट्यावर एक चहाचं हॉटेल होतं. मालक चहात साखर घालताना हात आखडायचा, पण कर्ण्याचा फोनो मात्र दिवसभर वाजवायचा, कारण फोनो चालू असला की गिऱ्हाईक उठायचं नाव घेत नसे.

तिथं मी बुवांना पहिल्यांदा ऐकलं. बुवा संगीत नाटकात नायिकेचं काम करायचे. त्या काळी बायकांची कामं पुरुषच करत, त्यात कुणाला नवल वाटत नसे. मालकाजवळ त्यांची एकच तबकडी होती. एका बाजूला विरहाचं पद, दुसऱ्या बाजूला भैरवी. मला सुरातालातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तो आवाज वर चढायला लागला की माझ्या हातातला चहा तसाच निवून जायचा. मध्येच एका जागी तो थबकायचा, वाटायचं की संपलं, आता पुढं वाटच नाही. आणि मग इतका अलगद वर जायचा की मी बैल सोडलेत का जुंपलेत तेही विसरायचो. एकदा या नादात एका व्यापाऱ्याच्या गुळाच्या ढेपा उन्हात पाघळल्या. त्यानं मला फाट्यावर सगळ्यांदेखत शिव्या घातल्या. मी मुकाट ऐकून घेतल्या, पण पद पुरं ऐकूनच गाडी हलवली.

वेड माझ्या एकट्याला नव्हतं. माझे थोरले चुलते माझ्याहून वेडे. अख्खं गाव त्यांना आबा म्हणायचं आणि त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. बाजाराच्या दिवशी ते मुद्दाम वाट वाकडी करून कापूरहोळला यायचे, हॉटेलच्या पायरीवर बसायचे आणि डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवायचे, देवळात बसल्यागत. आबांनी बायकापोरांवर कधी जीव दाखवला नाही, पण बुवांचं नाव निघालं की त्यांचा चेहरा मऊ व्हायचा. त्यांच्याएवढं प्रेम त्या माणसावर कुणी केलं नसेल. पुढं जे झालं ते त्या प्रेमापायीच झालं, आणि म्हणूनच माझ्या तोंडाची कडू चव काही जात नाही.

बोलपटांनी नाटककंपन्यांचं कंबरडं मोडलं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. मोठ्या गावची थिएटरं सिनेमानं घेतली आणि कंपन्या जत्रांच्या आसऱ्याला आल्या. अशीच बुवांची कंपनी चैत्रात देवीच्या जत्रेला भोरला यायची ठरली. नदीच्या अंगाला तंबू पडला. रात्रीचे खेळ भोरकरांसाठी आणि शेवटचा एक खेळ दुपारचा, खेड्यापाड्यांतल्या लोकांसाठी, म्हणजे दिवस मावळायच्या आत आम्ही आपापल्या वाटेला लागावं. हे कळल्यापासून आबांना अन्न गोड लागेना.

माझं नशीब असं की बुवांना फाट्यावरून भोरला न्यायचं काम मलाच मिळालं. बाकीची मंडळी फाट्यावरून भाड्याची मोटार करून पुढं गेली. पेट्रोलच्या धुरानं बुवांना खोकल्याची उबळ यायची, म्हणून त्यांना गाडी हवी होती. उतरले ते पाहून मी जरा हिरमुसलोच. किडकिडीत माणूस, शाळामास्तरासारखा कोट, आणि चैत्राच्या उन्हात गळ्याला लोकरीचा मफलर. मी वाटभर बडबडत होतो. तबकडी, हॉटेल, गुळाच्या ढेपा, सगळं सांगितलं. ते नुसते हसायचे आणि मान हलवायचे. मला वाटलं, मोठा माणूस, आपल्याशी काय बोलणार.

धरणाची भिंत दिसायला लागली तेव्हा त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला आणि कानाशी येऊन, कुजबुजावं तसं बोलले.

"राग मानू नका, मला मोठ्यानं बोलायची बंदी आहे. डॉक्टरांनी आरसा घालून गळा पाहिला. आत गाठी आल्यात. दिवाळीपर्यंत तोंड उघडू नका म्हणाले, नाहीतर आवाज जाईल तो परत यायचा नाही."

मग आलात कशाला, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं, की ते बसले तर कंपनी बसते, आणि पडदा ओढणाऱ्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या घरी चुली आहेत. त्यातून त्यांनी एक वाट काढली होती. प्रत्येक पद एकदाच म्हणायचं, आटोपतं म्हणायचं, आणि वन्समोअर घ्यायचा नाही. पद आवडलं की लोक "वन्समोअर" ओरडायचे आणि नटाला ते पुन्हा म्हणावं लागायचं, ही तेव्हाची रीतच होती. कधीकधी तेच पद इतक्यांदा म्हणावं लागे की नाटक पुढं सरकत नसे. गळा त्यानंच गेला होता. आता खेळाच्या आधी मॅनेजर पडद्यापुढं येऊन लोकांना विनंती करायचा आणि आतापर्यंतच्या गावांनी ती मानली होती.

"तुमच्या खोऱ्यातल्या लोकांना एवढं सांगाल?" बुवा म्हणाले. "एकदाच गाईन, पण हातचं राखून गाणार नाही."

मी देवीची आण घेतली. आणि सांगितलंही, घरोघरी जाऊन सांगितलं. सगळ्यांत आधी आबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुशीत हसले.

आमच्याकडची एक रीत इथं सांगायला हवी. पाहुणा जेवायला बसला की पोट भरल्यावर तो ताटावर हात आडवा धरतो आणि नको म्हणतो. ते नको कुणी खरं मानत नाही. त्याचा हात धरून बाजूला करायचा आणि वाढायचं. पुन्हा नको म्हणाला, पुन्हा वाढायचं. पहिल्या नकोला थांबला तो यजमान दळभद्री. दुसऱ्या दिवशी गावात तोंड दाखवायची सोय नाही, की पाव्हण्याला उपाशी उठवला म्हणून. माझ्या बहिणीच्या सासऱ्याला असा आग्रह करून करून आमच्या लोकांनी आजारी पाडलं होतं आणि त्याचा सगळ्यांना अभिमान होता.

आबा म्हणाले, "पाव्हणा नगंच म्हंतो. मागून खायाला त्यो काय भिकारी हाय? वाढणाऱ्याला कळाया पायजे."

मी म्हणालो की आबा, हे जेवण न्हाई, त्यो गळा हाय. डॉक्टरांनी सांगितलंय. आबांनी मला येड्यात काढलं. मोठी माणसं असंच बोलतात, तुला जगाची रीत ठाऊक न्हाई, म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी भांडलो, तर आईनंच मला गप केलं, थोरल्यांच्या तोंडी लागतो म्हणून.

खेळाच्या दिवशी तंबू फुटायची वेळ आली. आमचं गाव तर झाडून आलंच, पण पालीहून माझे मामा डोंगर ओलांडून आले, धडप्यात भाकरी बांधून. वेळवंडीच्या, गुंजवणीच्या खोऱ्यांतली माणसं, ज्यांनी जन्मात नाटक पाहिलं नव्हतं. मॅनेजर पडद्यापुढं आला, हात जोडले आणि म्हणाला की बुवांची प्रकृती बरी नाही, तरी मायबाप रसिकांनी वन्समोअरचा आग्रह करू नये. त्या मेल्याला दुसरा शब्द मिळाला नाही. आग्रह म्हटल्याबरोबर आबांनी मला कोपरखळी मारली, बघ, मी म्हणलो नव्हतो.

बुवा आले. नऊवारी, नथ, अंबाड्यावर फुलं. तो मफलरवाला माणूस कुठल्या कुठं गेला होता. ऑर्गनचा सूर लागला आणि ते गायला लागले. आवाज तबकडीपेक्षा बारीक होता, थोडा घोगरा. पण तबकडीत न ऐकू येणारं एक तिथं ऐकू येत होतं, ते म्हणजे त्यांचा श्वास. ओळ संपताना ते जपून श्वास घ्यायचे आणि मग पुढची ओळ ठेवायचे, भरली घागर ठेवावी तशी. मी तसं गाणं पुन्हा ऐकलेलं नाही, आणि आता ऐकायचंही नाही.

पद संपलं. लोक ओरडले. बुवांनी हात जोडले, मान हलवली आणि पुढचं भाषण सुरू केलं. तंबू एकदम थंड झाला. आबांचा चेहरा उतरला. त्यांना काय वाटलं असेल? की माणूस थकलाय? छे. त्यांना वाटलं, आपला आग्रह कमी पडला. पाहुणा रुसला. मागं वळून ते सगळ्यांना म्हणाले की आवाज चढवा, भोरकरांपरास आपुन काय कमी हाय काय.

दुसऱ्या पदाला काठ्या जमिनीवर आपटायला लागले. बुवांनी पुन्हा हात जोडले. मग ते विरहाचं पद आलं आणि सगळा तंबू उठून उभा राहिला. माझे मामा ओरडत होते, ज्यांच्या तोंडातून एरवी दिवसभरात शब्द फुटत नसे. खालची जमीन धरणात गेली तेव्हा ही माणसं सरकारापुढं इतक्या जोरात ओरडली नव्हती. मी उठलो आणि बास करा, बास करा म्हणून हात पसरले, तर मागच्यांनी मला खांद्याला धरून खाली दाबलं. विंगेत कंपनीचा मालक उभा होता. तो बुवांकडं नाही, लोकांकडं पाहत होता. मग त्यानं मान डोलावली, म्हणा म्हणून.

बुवांनी समोर पाहिलं. उन्हातून चालून आलेली, भाकरीची गाठोडी काखेत धरून उभी असलेली ती माणसं त्यांनी पाहिली आणि त्यांना नाही म्हणवलं नाही, असं मला वाटतं. त्यांनी पुन्हा म्हटलं. लोक आणखी चेकाळले. त्यांनी पुन्हा म्हटलं. ती जागा आली, जिथं आवाज थबकायचा आणि अलगद वर जायचा. तिथं तो थबकला, आणि धोतर टरकावं तसा फाटला.

नाटकात ती नायिका त्या पदाला रडते. लोकांना वाटलं, हाच तो अभिनय. बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. टाळ्या थांबेनात. आणि त्या टाळ्यांतून आबांचाच आवाज सगळ्यांत वर होता, "वन्समोअर." बुवांनी तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसल्या, पण नुसती हवा बाहेर आली. ऑर्गनवाला शहाणा, त्यानं तीच चाल जोरात धरली आणि पडदा पडला. मी तंबूबाहेर येऊन बैलाच्या पाठीवर डोकं टेकलं आणि रडलो.

दुसऱ्या दिवशी बुवांना फाट्यावर सोडायला मीच निघालो. भाटघरापाशी रस्त्यावर आमचं गाव उभं होतं. आबांनी शेला आणला होता, नारळ आणला होता, आंबेमोहोराची पिशवी आणली होती. बुवांना शेला पांघरून आबांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाले की दोन शब्द बोला, तेवढं घेऊन आमी घरी जाऊ. बुवांनी हात जोडले. ओठ हलले. काहीच आलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आबा लोकांकडं वळून म्हणाले की बघा, गळा दाटून आला त्यांचा. मी चाबूक इतक्या जोरात ओढला की बैल बुजले.

पुढच्या वर्षी हॉटेलच्या मालकाकडून कळलं. कंपनी मोडली होती. बुवांचा आवाज गेला तो गेलाच, बोलायचं झालं तर पाटीवर लिहून दाखवत. मी तसाच घरी आलो. आबा ओट्यावर सुपारी कातरत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही झाकलं नाही, की तो आवाज आपल्या तंबूत गेला, आपल्या ओरडण्यानं गेला. मला त्यांना रडवायचं होतं. खरंच सांगतो, त्यांनी ऊर बडवून घ्यावा असं मला वाटत होतं.

आबांनी हातातली सुपारी पुरी कातरली. अडकित्ता खाली ठेवला. मग त्यांचा चेहरा हळूहळू मऊ झाला.

"म्हंजी शेवटचं गाणं आपल्यालाच घावलं की रं," ते म्हणाले. "त्येच्यानंतर कुनालाच न्हाई."

आणि ही बातमी सांगायला ते ओट्यावरून उतरून गावात गेले.