मांडी घालून चालवायचा ट्रॅक्टर

आमच्या शेजारच्या काकूनं उभ्या आयुष्यात एकही वस्तू नुसती पाहून विकत घेतली नाही. घरी आल्यावर त्या वस्तूच्या नशिबी जे जे भोग असतील ते काकू तिला दुकानातच भोगायला लावी, आणि त्यातून ती तगली तरच उचली. बाज घ्यायची तर सुताराच्या दारात तिच्यावर दुपारची झोप काढी. छत्री घ्यायची तर कारंजा गावच्या भर बाजारात ती उघडून खाली उभी राही आणि दुकानदाराला वरून घागर ओतायला लावी. छत्रीवाले चाचा हात जोडून म्हणत, "अम्मा, ले जाओ, बारिश में देख लेना, पसंद न आए तो वापस." काकू म्हणे, "पावसात मी भिजीन, तुमी थोडीच भिजसान?" चाचा मुकाट्यानं घागर भरायला जात. रॉकेलचा कंदील घेताना तर तिनं पदरानं वारा घालून घालून दुकानातले चार कंदील विझवले होते आणि पाचवा विझेना तेव्हा त्याच्याकडे जरा रागानंच पाहिलं होतं.

काका अकाली गेले. मागे राहिला गाड्यांची चाकं आणि कापसाच्या जिनातली यंत्रं दुरुस्त करायचा लहानसा कारखाना, म्हणजे टिनाचं छप्पर, एक भट्टी नि काही गडी, आणि राहिला काकांचा धाकटा भाऊ राघो. काकूला मूलबाळ नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा राघो अंगणात उघडा फिरायचा. त्याला तिनंच मोठं केलं. पुढे धनज-मानोऱ्याकडच्या मोडक्या गाड्या त्याच्याच नावानं आमच्या गल्लीत येऊ लागल्या. काकू हिशेब आणि भांडणं पाही, राघो काम पाही.

दुसरी मोठी लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. एका जिनाचं भलंमोठं लोखंडी चाक वर ओढताना साखळी तुटली आणि चाक राघोच्या कमरेवर आलं. जीव वाचला, कमरेखालचं सगळं लुळं पडलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्या दिवसापासून तो ओसरीवरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असे. काकू त्याला भरवी, धुवी, कुशीवर वळवी. तो काहीच बोलत नसे. अंगणातून हातोड्याचा आवाज आला की तेवढं पांघरूण डोक्यावर ओढून घेई.

अशातच बातमी आली की लष्करानं टाकून दिलेले ट्रॅक्टर, ओझं उचलायची यंत्रं नागपुराकडे विकायला काढली आहेत. काकूनं मला हाक मारली. मी तेव्हा जिनात कारकून होतो, मला थोडं इंग्रजी वाचता येई. "चाल माह्यासंगं. वजन उचलाचं यंत्र पाहाचं हाय." मला ते पटलं. पुन्हा कुणाच्या अंगावर चाक पडू नये म्हणून ही बाई यंत्र घेते आहे, असं मी समजलो.

नागपूरच्या त्या लष्करी आवारात यंत्रांच्या रांगाच्या रांगा होत्या. काकूनं नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला, पहिल्या ट्रॅक्टरवर चढली आणि सीटवर चक्क मांडी घालून बसली. जेवायला बसल्यासारखी. विकणारा माणूस धावत आला.

"माताजी, पैर नीचे. क्लच पैर से दबता है."

"पाय नाई लावाचा. हातानं चालते का?"

"हाथ से कैसे चलेगा?"

काकू उतरली आणि पुढच्या ट्रॅक्टरवर जाऊन बसली. तिथंही मांडी, तिथंही तोच प्रश्न. उन्हं चढली. आजूबाजूचे हमाल काम सोडून हसत मागे फिरू लागले. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. मी हळूच म्हटलं, "काकू, हे काय करून राह्यली? लोकं हासतात."

शेवटी तो माणूस वैतागला. "माताजी, चलाना किसको है?"

"माह्या दिराले."

"तो वो खुद क्यूँ नहीं आया?"

"त्याले पाय नाईत," काकू मांडी न सोडता म्हणाली.

मागचं हसणं बंद झालं. मी दुसरीकडे पाहू लागलो. तो माणूस आम्हाला आवाराच्या पार मागच्या कोपऱ्यात घेऊन गेला. तिथं गवतात एक जुना, गंजलेला ट्रॅक्टर होता. पुढं दोन लोखंडी हात, तारेचा दोर गुंडाळायची चरखी आणि सीटच्या बाजूला क्लचचा लांब दांडा. त्या जुन्या बनावटीला कुणी विचारत नव्हतं. काकूनं मांडी घातली, दांडा पुढं ढकलला, मागं ओढला, पुन्हा ढकलला. ब्रेक पायाचा होता. त्याला दांडा जोडून हाताशी आणता येईल, एवढं तिनं पाहून घेतलं. मग यंत्र सुरू करायला लावलं आणि स्वतः त्याच्या लोखंडी हातांवर बसून वर जाऊन खाली आली. "हेच पाह्यजे," ती म्हणाली. सौदा झाला.

ट्रॅक्टर मूर्तिजापूरपर्यंत रेल्वेनं आला आणि तिथून रस्त्यानं घरी. वाटेत दिसेल तो बैल उधळला. अंगणात तो उभा राहिला तेव्हा राघो पुष्कळ दिवसांनी बोलला.

"वहिनी, कायले आणलं हे? मले त्याच्यावर बांधशीन अन् गाव तमाशा पाहीन."

"पाहू दे. तू खाटेवर मरून राह्यला, तवा कोणी पाहाले आलं का?"

त्यानं पुन्हा तोंड फिरवलं. काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी त्यानं भिंतीकडे पाहतच विचारलं, "दांडा जड हाय का?"

गड्यांनी ब्रेकला हाताचा दांडा जोडला आणि त्याला उचलून सीटवर बसवलं. काकूनं खाली गोधडी घातली, जुन्या लुगड्यानं त्याची कंबर सीटला बांधली. कुणीतरी हँडल मारलं. राघोनं दांडा ओढला आणि जमिनीवरचं मोडकं चाक हळूहळू वर चढू लागलं. काकू समोरच उभी होती.

"वहिनी, बाजूले हो!" राघो ओरडला. तो जुना, कामावरचा आवाज होता. काकू बाजूला झाली, आणि मग भट्टीआड जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

तो हिवाळा राघो रोज सीटवर बसला. खालच्या अंगाला काही कळत नव्हतं, त्यामुळे सीटच्या धक्क्यांनी जखम झालेलीही त्याला कळली नाही. काकूच्या लक्षात आलं तेव्हा जखम हाडापर्यंत गेली होती. पंधरवडाभर ताप चढत राहिला आणि होळीच्या आधी राघो गेला. यंत्रानंच खाल्लं त्याला, असं गल्ली म्हणाली. काकूच्या तोंडावरही म्हणाली.

मी मात्र तिला एकदा विचारलं की, काकू, तुला कधी वाटतं का, नसतं आणलं तर बरं होतं?

"खाटेवर अजून जगला असता तो," ती म्हणाली. "मले काय ठाऊक नाई? पण तवा तो भिंतीसंगं राहत होता. मग माह्यासंगं राह्यला."

पुढे तिनं कारखाना चालवला, म्हातारी झाली, दिवस-महिने विसरू लागली. कुणाचं लग्न कधी झालं, कुणाचं घर कधी पडलं, काही आठवेना. त्या एका हिवाळ्याचं मात्र बारीकसारीक सगळं तिच्याजवळ होतं: कोणाची गाडी आली, थंडी किती पडली, दुपारी काय रांधलं. सांगायला बसली की सुरुवात नेहमी एकच असे, आणि ते सांगताना तिचा चेहरा निवांत होई.

"आमचा राघो कामावर होता ना, तवाची गोष्ट हाय..."