दोन मालक आणि न फुटलेला नारळ

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मुलुंडमधल्या एका फुटबॉल क्लबला एके काळी दोन अध्यक्ष, दोन प्रशिक्षक आणि दोन रंगांचे गणवेश होते. मैदान मात्र एकच होतं. या महासंकटाचा तपास माझ्याकडे आला होता. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हटलं की मला आधी हीच आठवते. विसरायची सोयही नाही, कारण ती सगळी कॅमेऱ्यात आहे.

दसरा होऊन तीन दिवस झाले होते. मी तेव्हा वरिष्ठ पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप उचलतो, तोच ठाणे अंमलदार आत आले.

“सर, दोन फिर्यादी आलेत. चोरी एकच आहे. दोघं एकमेकांना चोर म्हणतायत. आणि बरोबर कॅमेरा आहे.”

एक होता बिल्डर आणि दुसरा त्याचा सख्खा मेहुणा, टाइल्सचा व्यापारी. दोघांनी मिळून क्लब विकत घेतला होता, पण शेवटचा शब्द कुणाचा, हे ठरवायचं राहून गेलं होतं. क्लबचं नाव व्हावं म्हणून त्यांनी हौसेने एक माहितीपट करायला घेतला होता. पडद्यामागचं सगळं दाखवायचं, अशी त्यांनीच दिग्दर्शिकेला मोकळीक दिली होती. पडद्यामागे हाणामारी निघाल्यापासून त्या बाईंना आकाश ठेंगणं झालं होतं.

गायब झालं होतं क्लबचं रजिस्टर आणि त्याबरोबरचा रबरी शिक्का. रजिस्टरमध्ये खेळाडूंच्या मूळ सह्या आणि कागद होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत ते फुटबॉल संघटनेच्या कार्यालयात दाखवलं नाही, तर संघाचा वरच्या गटातला प्रवेश रद्द होणार होता.

हे मला मालकांनी सांगितलं नाही; ते एकमेकांच्या खानदानाबद्दल बोलत होते. सांगितलं कप्तानाने. तो अग्निशमन दलात नोकरीला होता आणि ड्युटी संपवून तसाच आला होता. “साहेब, मालक कोण ते तुम्ही सावकाश ठरवा,” तो म्हणाला. “माझ्याकडे एकच सीझन उरलाय. गुडघा रोज आठवण करून देतो.”

मागून दिग्दर्शिका हळूच म्हणाली, “पण सर, क्लब बुडाला तर शेवट काय भारी होईल!”

“मॅडम,” कप्तान वळून म्हणाला, “शेवट तुमचा, वाट आमची लागते.”

ठाण्यात चित्रीकरण चालणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. मैदानावर मात्र माझा इलाज नव्हता. तिथे मी फाटकातून दोनदा आत शिरलो, कारण पहिल्या वेळी कॅमेऱ्यासमोर टेम्पो आला होता. केस डायरीत याची नोंद नाही.

आम्ही पंचांसमक्ष झडती घेतली. कार्यालय, कपाटं, खेळाडूंचे लॉकर, सगळं पालथं घातलं. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली सामानाची खोली होती. तिथे खंडेनवमीची पूजा मांडलेली होती. पाटावर लाल कापड, त्यावर फुटबॉल, शिट्ट्या, हवा भरायचा पंप आणि वर झेंडूच्या माळा. माझ्या हवालदारांनी बूट बाहेर काढले, टोप्या उतरवल्या, नमस्कार केला. मीही केला. मग बाकीची खोली उलथीपालथी केली. हाती काही लागलं नाही.

तेवढ्यात माझ्या मोबाइलवर निनावी फोन आला. “मेहुण्याच्या गाडीची डिकी बघा.” बघितली. आत शिक्का होता, पण कोराकरकरीत. अर्ध्या तासाने दुसरा निनावी फोन. “बिल्डरच्या साइट ऑफिसचा ड्रॉवर बघा.” तिथेही शिक्का, तोही नवाच. एकमेकांना अडकवायला दोघांनी ते एकाच दुकानातून बनवून घेतले होते. दुकानदाराकडे चौकशीला गेलो, तर तो नम्रपणे म्हणाला, “साहेब, तुमच्यासाठी पण एक करू का?”

उरला मैदान सांभाळणारा म्हातारा. मूळचा सावंतवाडीकडचा, गिरणी बंद पडल्यावर या मैदानावर आलेला. खेळाडू त्याला काका म्हणत. खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला असत. ठाण्यात आणून बसवलं, पाणी दिलं आणि जबाब घ्यायला लागलो.

“काका, रजिस्टर कुठे आहे ते माहीत आहे?”

“म्हायत आसा.”

माझा लेखनिक लिहायचा थांबला. चोवीस वर्षांत इतकं झटपट उत्तर त्याने ऐकलं नव्हतं.

“मग सांगा की.”

“मी सांगूचंय नाय. दोघांनी एकत्र येवन इचारूक व्हया.”

मी समजावलं, आवाज चढवला, पुन्हा समजावलं. म्हाताऱ्याचं उत्तर तेच. बाहेर मात्र दोन्ही मालकांचं त्या दिवसात पहिल्यांदाच एकमत झालं. चोर हाच, याला आत टाका! कायद्याने मला तसं करता आलं असतं. माहीत आहे आणि सांगत नाही, एवढं संशयाला पुरेसं होतं. पण खोटं बोलणारा माणूस आधी समोरच्याच्या खांद्यावरची पट्टी बघतो, मग बोलतो. हा माझ्या डोळ्यांत बघत होता.

मी अंमलदारांना म्हटलं, “संध्याकाळपर्यंत थांबा. तोवर काही निघालं नाही तर अटक दाखवावी लागेल.” कप्तान बाकावर बसून होता. काका आत गेले तर उद्या आम्ही जिंकून तरी कुणाला सांगायचं, एवढंच तो म्हणाला.

मी दिग्दर्शिकेकडे गेलो. “नवमीपासूनचं सगळं चित्रीकरण दाखवा.”

पहिल्या तुकड्यात नवमीची सकाळ होती. म्हातारा पाट मांडतोय. आधी बिल्डर त्याला बाजूला घेऊन कानात काही सांगतो, मग मेहुणा. मग नारळ कुणी फोडायचा यावरून दोघांची जुंपते. “क्लब माझा!” “भावोजी, अर्धा माझा!” दोघं तणतणत दोन दिशांना जातात.

दुसरा तुकडा आमच्या झडतीचा. पूजेसमोर हात जोडून उभा असलेला मी. (पोट जरा पुढे आलेलं दिसतं.) मी तिथेच थांबवायला सांगितलं. माझ्या पोटासाठी नव्हे. झेंडू सुकून काळपट पडला होता आणि त्यात नारळ अख्खा होता.

आमच्या ठाण्यातही खंडेनवमीला शस्त्रपूजा होते. रायफली, बेड्या, अगदी स्टेशन डायरीचीसुद्धा. दसरा झाला की सगळं उचलून जिथल्या तिथे. मग ही पूजा दसऱ्यानंतर तीन दिवस तशीच का? कारण नारळ फुटलाच नव्हता. पूजा पुरी झाली नव्हती आणि सावंतवाडीचा म्हातारा अर्धवट पूजा मोडणार नव्हता. आम्ही नऊ पोलीस त्या खोलीत गेलो होतो आणि एकानेही पाटाला हात लावला नव्हता.

लाल कापड मी एकटा जाऊन उचलू शकलो असतो. पण मग रजिस्टर कुणाच्या हातात द्यायचं, हा प्रश्न तसाच राहिला असता. मी दोन्ही मालकांना, काकांना आणि सगळ्या संघाला त्या खोलीत उभं केलं. “रजिस्टर हवं असेल तर एकत्र विचारा,” मी मालकांना म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडे न बघता, पुटपुटत का होईना, एकदम विचारलं. म्हाताऱ्याने नारळ त्यांच्या चार हातांत दिला आणि देवाला गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा! आज दोनय मालक एका जाग्यार उभे हत. तेंका चांगली बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” अठरा खेळाडू ओरडले. त्यात माझे हवालदारही होते. खोटं कशाला बोलू, मीही होतो.

नारळ फुटला. म्हाताऱ्याने कापड उचललं. पोथी ठेवावी तसं रजिस्टर पाटावर सपाट ठेवलेलं होतं आणि बाजूला शिक्का. नवमीच्या सकाळी दोघांनीही त्याला कानात तेच सांगितलं होतं. रजिस्टर मला दे, त्याला नको. त्याने ते देवाच्या ताब्यात देऊन टाकलं होतं.

गुन्हा दाखल झाला नाही, अटक नाही, बक्षीसही नाही. तरी या तपासाचा मला जितका अभिमान आहे, तितका पदकाचा नाही. एक निरपराध म्हातारा त्या संध्याकाळी घरी जेवला. आणि एक गोष्ट मी कायमची शिकलो, नंतर नव्या पोरांनाही शिकवली. आपण जिथे हात जोडतो, तिथे हात घालत नाही. म्हणून झडती तिथूनच सुरू करावी.

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला सगळे संघटनेच्या कार्यालयात हजर झाले. मीही गेलो होतो, सरकारी काम नसताना. टेबलामागच्या कारकुनाने अर्ज तपासला, चष्मा वर केला आणि विचारलं, “क्लबचा मालक कोण? इथे पुढे या.”

अठराही जणांनी एकाच वेळी मागे, दारात चपला काढून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. “काका!”

बिल्डरचा चेहरा पडला. आणि वर्षभर ‘अर्धा माझा’ म्हणून आकाशपाताळ एक करणारा त्याचा मेहुणा कळवळून ओरडला, “अरे, माझं नको तर नको, निदान भावोजींचं तरी नाव घ्या!”