टीव्हीतल्या मुंग्या

पाली गावातलं घर सोडून बाबा भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीत माझ्याकडे राहायला आले आणि काही महिन्यांतच टीव्हीत मुंग्या येतात म्हणून कुरकुरायला लागले. पूर्वी अँटेनाच्या टीव्हीवर चित्र बिघडलं की काळे-पांढरे ठिपके वळवळायचे, त्या मुंग्या. तेव्हा बाबा कौलांवर चढून अँटेना फिरवायचे आणि मी खालून 'आलं', 'गेलं' असं ओरडून सांगायचे.

मी त्यांना समजावलं की आता सगळं डिजिटल आहे. वायर बिघडली तर चित्र अडकेल, फुटेल, नाहीतर पडदा काळा होईल. तसलं काहीच होत नाही, म्हणजे वायर ठीक आहे, आणि भारीतली आणली म्हणून चित्र काही उजळत नाही. पण ऐकतील तर ते बाबा कसले. वायर हलकी हाय, हे एकच पालुपद. शेवटी त्यांची किटकिट थांबावी म्हणून भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून सोनेरी टोकांची जाडजूड एचडीएमआय केबल आणली. दुकानदार म्हणाला होता, पिक्चर एकदम मक्खन आयेगा.

मला जुन्या केबलवरही चित्र लख्ख दिसत होतं, नवीवरही तेवढंच. बाबा म्हणाले, मुंग्या हायतच. माझं डोकं फिरलं. रिमोट उचलला आणि टीव्ही बंदच करून टाकला. बाबा काळ्या पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून शेजारच्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं.

"बाय, इथं पण हायत."

रागवायचं तरी कुणावर, तेच कळेना.

डोळ्याच्या आतला पडदा खराब झालाय, असं डॉक्टर म्हणाले. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती जमेल तेवढी टिकवायची. बाबांना मी सगळं नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

तरी संध्याकाळी बातम्या लागल्या की म्हणतात, बाय, वायर जरा हलव. वायरने काही होत नाही हे मला कळतं, आणि आता त्यांनाही कळत असावं. पण माझ्या हातात दुसरं आहे काय? मी उठते, टीव्हीमागे हात घालते आणि ती महागडी केबल इकडून तिकडे हलवते.

"आता?" मी विचारते.

"आलं," बाबा म्हणतात.

मी टीव्हीमागून वाकून बघते. त्यांचे डोळे मिटलेले असतात.