बाळोत्यांची खोकी

टांझानियात वर्षभर राहून आलो म्हटलं, की आपली माणसं आधी एकच विचारतात, “किळस नाही का रे आली? संडास कसले, पाणी कसलं?” आली ना. पण जिची आली ती वस्तू जर्मनीहून गेलेली होती, आणि मीच ती मागवली होती.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. श्टुटगार्टला मास्टर्स करताना एक वर्षाची सुट्टी घेऊन मी स्वयंसेवक म्हणून गेलो. डोंगरातलं गाव, तीन खोल्यांचा दवाखाना. लसींचा फ्रीज आणि सोलर चालू ठेवायचं, हे माझं काम. सकाळी हापशावरून दोन बादल्या आणायच्या, दुपारी मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा आणि घेवडा खायचा. घेवड्यात किडे निघाले तर बोटाने बाजूला सारायचे. पंधरा दिवसांत त्याचं काही वाटेनासं झालं.

वाटायचं ते खोक्यांचं. मला पाठवणारी जर्मन संस्था दर दोन महिन्यांनी कपड्यांची खोकी धाडायची. ती मी आणि नर्सबाई मिळून उघडायचो. नर्सबाई म्हणजे तिथल्या सगळ्या बाळंतपणांच्या धनीण. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. खोक्यातून काय निघावं? स्कीचा एकच बूट. इलॅस्टिक गेलेल्या पोहायच्या चड्ड्या. कोणीतरी वापरलेली लिपस्टिक! शी! मी मराठीत शिव्या घालायचो आणि नर्सबाई हसायच्या.

जूनमध्ये तिथे थंडी पडते. बाया बाळंतपणाला येताना अंगावरची दोन फडकी घेऊन यायच्या. एक बाळंतपणातच ओलं व्हायचं, दुसऱ्यात आई आणि बाळ दोघं. बाळं गार पडायची. आदल्या थंडीत दोन गेली, असं नर्सबाईंनी मला सांगितलं. म्हणाल्या, “मला लोकरीचं, फुलाफुलांचं काही नको. मऊ, सुती, स्वच्छ कापड हवं.”

मी उडालोच. अहो, हे तर आमचंच! आमच्याकडे बाळाला नवं कोरं घालतच नाहीत. आईची जुनी सुती पातळं धुऊन धुऊन मऊ झालेली असतात, त्यांचीच बाळोती आणि दुपटी. हे जर्मनांना नाही कळायचं, आपल्या माणसांना लगेच कळेल. तालुक्याच्या गावी जाऊन मी श्टुटगार्टच्या आमच्या मराठी मंडळाला भलीमोठी ईमेल लिहिली. सुती पातळं, ओढण्या, चादरी. धुऊन, वाळवून, घडी घालून. नर्सबाईंना छाती फुगवून सांगितलं, “आता बघा, आमची माणसं कशी देतात ते.”

थंडी सुरू झाली आणि चार खोकी आली. खाटेवर एक बाई होती, तिचं बाळ रात्रीच झालेलं. नर्सबाईंनी साबणाने हात धुतले, टेबल पुसलं आणि पहिलं खोकं उघडलं.

आधी वास आला. डांबराच्या गोळ्या, घाम आणि शिळी फोडणी. वर चिठ्ठी, ‘मंडळातर्फे सप्रेम’. खाली नायलॉनची साडी, फॉल लोंबणारी, पदरावर आमटी सांडलेली. काखेत पांढरे डाग पडलेली ब्लाउजं. भोकाभोकाचे गंजीफ्रॉक. वाळून कडक झालेलं पोराचं लाळेरं. एक चादर होती, सुती होती, पण पोराने घाण केलेली ती तशीच घडी घातलेली! घडी मात्र सुबक. तळाशी मुदत संपलेल्या खोकल्याच्या औषधाची बाटली फुटली होती आणि सगळं चिकचिकत होतं. उरलेल्या तीन खोक्यांतही हेच.

मला ओकारी आली. खरोखर बाहेर जाऊन ओकलो. परत आलो तेव्हा नर्सबाई एकेक कपडा टेबलावर पसरून ठेवत होत्या.

“ही तुझ्या घरची माणसं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“हे भरताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं?”

नर्सबाईंनी बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीचा सुती पडदा काढला, टरटरा फाडून त्याचे चार तुकडे केले, उकळत्या पाण्यात टाकले. मग म्हणाल्या, “पत्र लिहू नकोस. परत गेलास की तोंडावर सांग. नाहीतर हे दर वर्षी येईल, आणि खिडकीला आता दुसरा पडदा नाही.” मी त्यांचा हात धरून शब्द दिला.

परतलो तो दिवाळीच्या कार्यक्रमालाच. श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागातला भाड्याचा हॉल, चकल्यांचा वास, आणि माझा सत्कार! शाल, एशियन शॉपमधला नारळ. माईक होता वहिनींच्या हातात. वहिनी म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरींची बायको. दोन वर्षं दर रविवारी मी त्यांच्याकडे वरणभात जेवलेला. तापात त्यांनी माझं डोकं चेपलेलं. “सांग ना रे, आमचे कपडे मिळाले ना? खूश झाले असतील बिचारे!”

दीडशे माणसं माझ्याकडे बघत होती. खरं सांगायचं वाक्य पाठ होतं, विमानात दहादा म्हटलेलं.

“जा, गेनाऊ,” मी जर्मनमध्ये म्हणालो, म्हणजे ‘हो, अगदी बरोबर’. “खूप खूश झाले.” टाळ्या पडल्या. माझ्या तोंडून निघालेल्या त्या दोन शब्दांइतकं घाणेरडं त्या चार खोक्यांत काही नव्हतं.

मग सेक्रेटरी म्हणाले, या वर्षी दुप्पट करूया! भिंतीकडे बोट दाखवलं. आठ खोकी तयारच होती. एकाची चिकटपट्टी सुटली होती आणि तिथून तोच वास येत होता. “पत्ता तुला तोंडपाठ. कस्टमचा फॉर्मही तूच भर, बाबा,” म्हणत त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी भरला. वस्तूंच्या रकान्यात लिहिलं, सुती कपडे, धुतलेले, स्वच्छ. आठही खोक्यांवर मोठ्या अक्षरांत पत्ता घातला. दवाखान्याच्या रजिस्टरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद वर्षभर मीच केली होती. खोकं उघडायच्या आधीच नर्सबाई माझं अक्षर ओळखणार होत्या.